साखळी-दुकानांच्या पेढीतील वास्तुविशारद : शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गाने सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव मागे टाकीत शिरूरला यावे, किंवा सोलापूरच्या महामार्गाने यवत, चौफुला, पाटस असे करीत कुरकुंभावरून दौंडाकडे वळावे, तर कापडाची, पादत्राणांची, भ्रमणध्वनीची, औषधांची आणि वाणसामानाची अशी दुकाने दृष्टीस पडतात की ज्यांची पाटी, रंग, प्रकाशयोजना आणि आतली मांडणी मुंबईत किंवा नागपुरात पाहिलेल्या त्याच नावाच्या दुकानाशी तंतोतंत जुळते. ग्राहकाला या साम्याचे विशेष काही वाटत नाही. परंतु ते आपोआप उत्पन्न होत नाही. त्यामागे त्या कंपनीच्या पगारपत्रकावर नाव असलेला एखादा वास्तुविशारद असतो, जो वर्षभर एकाच धन्याची, परंतु गावोगावच्या भिन्न जमिनींवरची आणि भिन्न उन्हातली दुकाने आखीत असतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील ज्या मुलामुलींना रेखनाची आवड आहे आणि बाजारपेठेच्या व्यवहाराविषयी स्वाभाविक कुतूहल आहे, त्यांनी या पेशाचा गंभीरपणे विचार करावा असे मला मनापासून वाटते, आणि त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगासाठी पुढील मजकूर लिहीत आहे.

वास्तुविशारदाचे स्वतंत्र कार्यालय असावे, दारावर त्याच्या नावाची पाटी असावी आणि धनिकांच्या बंगल्यांनी त्याची कीर्ती पसरावी, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात दृढ झालेली आहे; आणि तिच्यामुळे नोकरीतला वास्तुविशारद हा अर्ध्या वाटेवर थांबलेला मनुष्य ठरविला जातो. इतिहासाचा या समजुतीला आधार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद म्हणून नेमले गेलेले जॉन बेग आणि त्यांच्यामागून त्याच हुद्द्यावर आलेले जॉर्ज विटेट हे दोघेही सरकारचे पगारी नोकर होते. मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस बेग यांच्या आराखड्यावरून उभे राहिले, गेटवे ऑफ इंडिया विटेट यांच्या. आणि देशातल्या वास्तुविशारदांची जी प्रमुख संस्था, त्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले अध्यक्ष हेच विटेट होते. दौंडच्या रहिवाशाला तर यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू होऊन दौंड हे जंक्शन झाले, आणि अशा जंक्शनांवरील स्थानके, मालधक्के व कर्मचाऱ्यांची निवासस्थाने ही रेल्वेच्या स्वतःच्या अभियंत्यांनी ठरावीक नमुन्यांवरून, पण जागचा दगड, जागचा चुना आणि जागचे हवामान विचारात घेऊन बांधण्याची पद्धत होती. एक नमुना, अनेक स्थळे आणि प्रत्येक स्थळी थोडा विवेक, हेच आजच्या साखळी-दुकानांच्या वास्तुविशारदाचेही कार्य आहे.

हे कार्य प्रत्यक्षात कसे चालते ते समजून घेण्यापूर्वी कंपन्यांतील एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा, कारण नोकरीचे स्वरूप पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते. काही कंपन्या जागा विकत घेऊन किंवा अत्यंत दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन तेथे स्वतःची इमारत उभारतात. २००२ साली पवईला पहिले डी-मार्ट उघडणारी अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी या मार्गाचे ठळक उदाहरण होय. उलट, तयार कपडे आणि पादत्राणे विकणाऱ्या बहुतेक साखळ्या दुसऱ्याने बांधलेला गाळा भाड्याने घेऊन त्याच्या आतच आपले दुकान बसवितात. पहिल्या प्रकारच्या कंपनीत तुम्हाला पाया, सांगाडा, छत, मलनिःसारण, अग्निशमन असे संपूर्ण बांधकाम शिकावयास मिळते, पण वर्षाकाठी कामे थोडी होतात. दुसऱ्या प्रकारात एकेक काम काही आठवड्यांत उरकावे लागते आणि वर्षभरात कित्येक गावे पायाखाली येतात, पण इमारतीच्या अंतरंगापलीकडचा अनुभव मर्यादित राहतो. माझे मत विचाराल तर नवपदवीधराने प्रथम पहिल्या प्रकारची नोकरी धरावी. पायाभरणी एकदा डोळ्यांखालून गेली म्हणजे पुढे भाड्याच्या गाळ्यातही भिंतीआड काय असेल याचा अंदाज येतो, आणि हा क्रम उलटा केला तर ती दृष्टी उशिरा येते.

या पेशातील खरी विद्या मात्र आरेखनाच्या मेजावर नव्हे, जागेच्या निवडीच्या वेळी कसोटीला लागते. कंपनीचा व्यवसाय-विकास विभाग जागा शोधून आणतो. त्याची नजर रहदारीवर आणि भाड्याच्या दरावर असते, आणि ती तशी असणे योग्यच आहे. वास्तुविशारदाने त्या जागेवर जाऊन ती घेण्याजोगी आहे की नाही, याचा लेखी अभिप्राय द्यावयाचा असतो. शिरूर-दौंड भागात हा अभिप्राय देताना प्रथम कागद पाहावे. सातबारा व फेरफार, नगरपरिषदेच्या हद्दीत असल्यास मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा आणि बिनशेतीचा दाखला यांच्या नकला स्वतः वाचण्याची सवय ज्याला असेल, त्याचे पाऊल इतरांच्या पुढे राहते. आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ही लिपी लहानपणापासून परिचित असते, हा त्याचा अधिकार आहे, तो त्याने संकोचाने लपवू नये. त्यानंतर नियोजन प्राधिकरण कोणते याची खातरजमा करावी. शिरूर आणि दौंड शहरांत नगरपरिषदा आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रांत औद्योगिक विकास महामंडळाचा अंमल चालतो. दोन्ही तालुक्यांचा काही भाग २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात मोडतो, तर उरलेला प्रादेशिक योजनेखाली येतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने राज्याच्या फार मोठ्या भागासाठी नियम एकाच पुस्तकात आणले खरे, पण अर्ज कोणत्या दप्तरात दाखल करावयाचा हा प्रश्न गावागणिक वेगळाच राहतो, आणि चुकीच्या दारात महिने निघून जातात.

जागा महामार्गालगत असेल तर इमारत-रेषा आणि नियंत्रण-रेषा कोठून जातात, आणि मुख्य रस्त्यावरून वाहन आत घेण्याची परवानगी मिळणे शक्य आहे काय, हे आधी पाहावे. भाडेपट्टा झाल्यानंतर ही चौकशी करणारा मनुष्य कंपनीचे नुकसान करतो. जागा नदीकडे असेल तर अधिक सावधगिरी बाळगावी. दौंड भीमेच्या काठी आहे, शिरूर घोडनदीच्या; जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा नकाशावर उतरवून घेतल्याखेरीज अशा जागेविषयी अनुकूल शब्द लिहू नये. तळघरात गोदाम करण्याची कल्पना व्यापाऱ्याला नेहमीच मोहविते, पण पूररेषेच्या सान्निध्यात ती सपशेल नाकारावी.

मातीचे प्रकरणही असेच आहे. नदीकाठच्या पट्ट्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट जोते भरले तर दुसऱ्या वर्षी फरशी उचलली जाते, मांडण्या तिरक्या होतात आणि ढकलगाडीचे चाक भेगेत अडकते. चाचणी-खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे, जोत्याखालची काळी माती काढून तेथे मुरूम थराथराने दाबून भरावा, आणि हा खर्च अंदाजपत्रकात प्रारंभीच दाखवावा. शिरूरकडच्या माळावर काही ठिकाणी थोड्याच खोलीवर खडक लागतो. तेथे पाया स्वस्त पडतो, पण पाण्याची टाकी आणि मलटाकी खोदणे महाग होते. एकाच तालुक्यात दोन दुकानांच्या पायाचा खर्च सारखा येईलच असे नाही, हे मुंबईच्या मुख्य कचेरीला आकड्यांनिशी पटवून देणे हे तुमचे काम आहे.

भाड्याने घ्यावयाच्या इमारतीत सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो. तालुक्याच्या गावी पुष्कळदा खाली गाळे आणि वर बिऱ्हाडे अशा हेतूने बांधलेली इमारत संपूर्ण दुकानासाठी देऊ केली जाते. भारतीय मानकांनुसार राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, इतक्या वापर-भारासाठी योजिलेला असतो. किरकोळ दुकानासाठी हाच आकडा ४ किलोन्यूटन आहे. आणि साठ्याच्या खोलीसाठी रचलेल्या मालाच्या उंचीच्या दर मीटरला २.४ किलोन्यूटन, पण कोणत्याही परिस्थितीत ७.५ किलोन्यूटनांहून कमी नाही, असा दंडक आहे. जो स्लॅब एका कुटुंबाच्या खाट-कपाटासाठी घातला, त्याच्यावर गव्हाची, साखरेची आणि तेलाच्या डब्यांची थप्पी लावणे याचा अर्थ त्याच्या शक्तीच्या जवळजवळ चौपट भार त्याच्यावर लादणे असा होतो. घरमालक अत्यंत सज्जन असेल, गवंडी अनुभवी असेल, इमारत नवी आणि रंगवलेली असेल; तरीही संरचना अभियंत्याची गणिते आणि लोखंडाची आखणी हाती आल्याशिवाय वरच्या मजल्यावर गोदाम ठेवण्यास संमती देऊ नये. कागद मिळत नसतील तर गोदाम तळमजल्यावर आणावे, विक्रीचे क्षेत्र तेवढे कमी झाले तरी चालेल; आणि तेही कंपनीला मान्य नसेल तर नकार लेखी द्यावा. अशा एका नकाराने विभागप्रमुखाची नाराजी ओढवेल, कदाचित त्या वर्षीची बढतीही लांबेल. तथापि ज्या मनुष्याच्या शब्दावर शेकडो माणसे त्या छताखाली वावरणार आहेत, त्याने हा नकार देण्याचे सामर्थ्य कमावले नसेल तर त्याच्या पदवीचा उपयोग काय?

जागा ठरली की नमुन्याचा प्रश्न येतो. प्रत्येक साखळीची एक प्रमाण-पुस्तिका असते. तीत मांडणीची लांबी-उंची, दोन मांडण्यांमधील वाट, बिलाच्या गल्ल्याची जागा, दिव्यांचा प्रकार, पाटीचे माप, सारे काही नमूद असते. या पुस्तिकेत काम करणे हे कल्पकतेचे मरण आहे असे महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या तरुणाला वाटते. मला तसे वाटत नाही. विटांचा साचा वाकडा असला की भट्टीतली प्रत्येक वीट वाकडी निघते, आणि साचा सरळ करणाऱ्याचे श्रम प्रत्येक विटेत उतरतात. साखळी-दुकानाचा वास्तुविशारद हा असा साचा घडविणारा आहे. स्वतंत्र व्यवसायातील वास्तुविशारद इमारत पूर्ण झाली की तिच्यापासून दूर होतो. पेढीतल्या वास्तुविशारदाला मात्र आपलीच इमारत सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी पाहावयास मिळते, कोणत्या कोपऱ्यात ओल आली, कोणता दरवाजा रोज अडकतो, कोणत्या वळणावर ग्राहकांची कोंडी होते, हे त्याला दुकानाचे व्यवस्थापक आणि झाडूवाल्या बाई स्वतःहून सांगतात, आणि पुढच्या दुकानात तो दोष दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याच्याच हाती असतो. हा लाभ आमच्या व्यवसायात इतरत्र दुर्मिळ आहे. म्हणून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी, उघडलेल्या दुकानात वेळोवेळी जाऊन तास-दीड तास नुसते उभे राहावे, आणि जे दिसेल ते मापांसह टिपावे.

अशा निरीक्षणातूनच प्रमाण-पुस्तिकेत गावाला अनुसरून कोठे पालट करावा हे कळते. महानगरातल्या मांडणीत मोटारींसाठी मोठे आवार आणि दुचाक्यांसाठी एक कोपरा असतो. आपल्याकडे प्रमाण उलटे आहे, आणि सणासुदीला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आलेले कुटुंबही जागा मागते. उसाचे बिल खात्यावर जमा होण्याचे दिवस, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांचा पगार, पाळी सुटण्याची वेळ, आठवडे बाजाराचा वार, यांनी गर्दीला उधाण येते. गल्ल्यांची संख्या सरासरी दिवसावर नव्हे, त्या दिवसांवर बेतावी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रस्त्याच्या पातळीवरील विक्रीदालनात दर ३ चौरस मीटरला एक मनुष्य धरून निर्गमाची तजवीज करावयाची असते, म्हणजे ६०० चौरस मीटरच्या दालनात २०० माणसे. आणि दिवाळीच्या आधीच्या रविवारी हा आकडा केवळ कागदावरचा राहत नाही. मागचा दरवाजा चोरीच्या भयाने कुलूपबंद ठेवण्याची जी वाईट रीत सर्वत्र आहे, तिच्याविरुद्ध वास्तुविशारदाने आतून ढकलताच उघडणारी कडी बसवून उपाय करावा, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे दर जानेवारी व जुलैत द्यावयाच्या प्रमाणपत्राची तारीख व्यवस्थापकाच्या भिंतीवर लावून ठेवावी.

उन्हाविषयी पुस्तिका बहुधा मौन बाळगते. या भागाचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास असल्यामुळे मे महिन्याच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि त्या वेळी भिंतीपेक्षा छत अधिक तापते. नुसत्या पत्र्याखाली वातानुकूलन चालविणे हा विजेचा अपव्यय होय, म्हणून पत्र्याखाली उष्णतारोधक थर हा काटकसरीत वगळण्याचा विषय मानू नये. दर्शनी भाग पश्चिमेला आला तर पूर्ण काचेच्या दर्शनीचा मोह सोडावा, किंवा तिच्यापुढे खोल पडवी काढावी. ती पडवी चपला झटकण्यासाठी, पावसात थांबण्यासाठी आणि सोबत आलेल्या वृद्धांना बसण्यासाठीही उपयोगी पडते. प्रवेशाशी पायऱ्यांबरोबर १ : १२ उताराची वाट ही दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमाच्या काळात ऐच्छिक राहिलेली नाही, शिवाय कडेवर मूल घेतलेल्या आईला आणि पोती वाहणाऱ्या हमालालाही तीच सोयीची पडते. पाटीवर मराठी अक्षरे देवनागरीत, अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसतील अशी, असणे राज्यात बंधनकारक आहे. तेव्हा मुख्य कचेरीतून आलेल्या रोमन पाटीखाली शेवटच्या दिवशी मराठी नाव कोंबण्याऐवजी दर्शनीची रचनाच देवनागरीच्या शिरोरेषेला धरून करावी. हे कायद्यासाठी करावेच, पण आपल्या गावाच्या डोळ्यांना ते सुंदर दिसावे म्हणूनही करावे.

शिक्षणाचा मार्ग थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावे. वास्तुकला परिषदेची ‘नाटा’ ही अभियोग्यता परीक्षा द्यावी. त्यानंतर पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो, ज्याची महाविद्यालये पुण्यात अनेक आहेत आणि दौंडकरांना बारामतीची विद्या प्रतिष्ठानची संस्थाही जवळ पडते. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी केल्यावाचून स्वतःस वास्तुविशारद म्हणविणे १९७२ च्या अधिनियमाने निषिद्ध आहे, आणि नोकरी लागली म्हणून ही नोंदणी व तिचे नूतनीकरण टाळण्याची चूक अनेकजण करतात. अभ्यासक्रमातील व्यावहारिक प्रशिक्षणाचा काळ केवळ नामांकित कार्यालयात न घालविता त्यातला काही भाग एखाद्या साखळी-दुकानाच्या प्रकल्प विभागात किंवा प्रत्यक्ष ठेकेदाराकडे घालवावा. मोजमाप-पुस्तिका कशी भरतात, चालू बिल कसे तपासतात, मिस्त्री ओळंबा कसा धरतो, हे तेथेच कळते. अंदाजपत्रक ज्याला करता येत नाही त्याला या पेशात कोणी विचारीत नाही.

नेमणूकपत्र हाती आले की ते सावकाश वाचावे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या आरेखनाचा प्रथम मालक, उलट करार नसल्यास, मालक-कंपनी असते. तेव्हा आपली आरेखने पुढील मुलाखतीत दाखविण्याची मुभा लेखी मागून घ्यावी. खाजगी कामे करता येतील काय, प्रवासभत्ता कसा मिळेल, स्थळावर अपघात झाल्यास विमा आहे काय, हेही विचारावे. मुलींच्या पालकांना फिरतीची चिंता वाटते; ती खोटी नाही, परंतु मुक्कामाची आणि वाहनाची व्यवस्था ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि ती करारात मागण्यात कसलाही कमीपणा नाही. जे बांधकाम आपण पाहिले नाही त्याच्या नकाशावर सही करू नये, आणि ठेकेदाराकडून दिवाळीची मिठाईदेखील स्वीकारू नये. या बाबतीत लहान-मोठे असा भेद मी मानीत नाही.

एक धोका मात्र पालकांपासून लपविणे योग्य होणार नाही. अशा कंपन्या झपाट्याने वाढतात आणि क्वचित झपाट्याने बुडतातही. २००१ साली सुरू होऊन देशभर पसरलेली बिग बझारची दुकाने, ती चालविणारी फ्युचर समूहाची कंपनी कर्जाखाली येऊन २०२२ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली त्या सुमारास, नामशेष झाली. ज्यांना केवळ एका पुस्तिकेतले काम येत होते त्यांना अशा वेळी फार सोसावे लागते. ज्यांना जमीन, माती, स्लॅब, कायदा आणि ग्राहक वाचता येतो त्यांना रुग्णालये, बँकांच्या शाखा, पतसंस्था, शाळा, गोदामे अशी अनेक दारे उघडी असतात, कारण एक नमुना अनेक गावी नेण्याची गरज त्या सर्वांनाच आहे.

हे वाचून ज्या विद्यार्थ्याला या वाटेने जावेसे वाटेल त्याने प्रवेशपरीक्षेपर्यंत थांबू नये. येत्या सुट्टीत शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारपेठेतील एखाद्या जुन्या वाण्याच्या दुकानात मालकाची परवानगी घेऊन जावे, फीत धरून ओटा, फळ्या, गल्ला, माळा आणि मागचे कोठार यांची मापे घ्यावीत, सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला गिऱ्हाईक कोठे उभे राहते याची खूण करावी, आणि सारे १ : ५० प्रमाणात कागदावर उतरवावे. तो कागद जपून ठेवावा; महाविद्यालयाच्या वा नोकरीच्या मुलाखतीला जाताना तो सोबत असू द्यावा.